गोव्याच्या हवेत सीएनसीच्या रेलची निगा

छंद म्हणून सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर लाकूड वगैरे कापणारे-कोरणारे यंत्र, घेणारे बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शिकतात, मग स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) आणि टूल (कापणारे पाते) यांच्याकडे वळतात. ज्या पोलादी रेलवरून यंत्राचे सरकते भाग धावतात आणि जिच्यावर त्याची सारी अचूकता उभी असते, तिच्याकडे मात्र ती कुरकुरू लागल्यावरच त्यांचे लक्ष जाते. डिचोलीतील माझ्या छोट्या कार्यशाळेत देवघराच्या जाळ्या, नावाच्या पाट्या आणि चतुर्थीच्या आधी मखराचे भाग कापले जातात. आयटीआयची काही मुले तेथे शिकायला येतात. त्यांच्या हाती मी आधी यंत्राची कळ देत नाही, रेल पुसायचे फडके देतो, आणि त्यामागचे कारण येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

रेलच्या दोन्ही बाजूंना घासून गुळगुळीत केलेल्या खाचा असतात. तिच्यावर सरकणाऱ्या ब्लॉकमध्ये पोलादी छर्रे असतात. ते भार पेलत खाचेतून पुढे जातात आणि ब्लॉकच्या आतल्या मार्गाने मागे परततात. ब्लॉकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात, जे रेलवरचा कचरा बाहेर लोटतात आणि वंगण आत राखतात. छर्रा आणि खाच यांच्यामध्ये वंगणाचा अतिशय पातळ थर टिकला पाहिजे, एवढेच आपल्या सगळ्या देखभालीचे प्रयोजन आहे. नवी रेल खोक्यातून निघते तेव्हा तिच्यावर दिसणारा तेलकट थर सहसा प्रवासात गंज लागू नये म्हणून दिलेला असतो. तो पुसून, ब्लॉकमध्ये ग्रीस भरूनच यंत्र पहिल्यांदा चालवावे.

ग्रीस पुन्हा कधी भरायचे, या प्रश्नाला उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये बहुधा धावलेल्या अंतराचे उत्तर असते, आणि १०० किलोमीटर हा आकडा त्यांत नेहमी आढळतो. यंत्र मिनिटाला ३ मीटर वेगाने अखंड चालले, तर तासाला १८० मीटर होतात आणि १०० किलोमीटर पुरे व्हायला साडेपाचशेहून अधिक तास लागतात. फक्त शनिवार-रविवारी यंत्र चालवणाऱ्याला तेवढे तास भरायला वर्षे लागतील. म्हणून आपल्याकडे अंतराचा हिशेब बाजूला ठेवावा आणि हवेचा हिशेब धरावा, असे माझे ठाम मत आहे. सर्वसाधारण रेल कठीण केलेल्या पोलादाची असते, स्टेनलेस नव्हे. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीचिंब असते, किनाऱ्याजवळच्या गावांत तिच्यात खारेपणाही असतो, आणि घामट बोटाचा ठसा पुसायचा राहिला तर त्याच आकाराचा तांबूस डाग पोलादावर उमटतो. माझ्याकडे ग्रीस भरण्याच्या ठरलेल्या वेळा दोन आहेत: पावसाळ्याच्या तोंडावर मे महिन्यात, आणि चतुर्थीचे काम संपल्यावर. मधल्या काळात दर आठवड्याला रेल पुसून तिच्यावर हलक्या तेलाचा हात फिरवायचा, मग त्या आठवड्यात यंत्र चालले असो वा नसो.

पुसणे हे वंगणापेक्षाही महत्त्वाचे आहे, आणि नवशिके नेमके तेथेच घाई करतात. एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) भुसा पिठासारखा बारीक असतो. तो हवेतला ओलावा धरतो, रेलवरचे तेल शोषून घेतो आणि सीलच्या ओठाशी घट्ट लगदा होऊन बसतो. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह होतो, पण त्या झोताने भुसा सीलखालून ब्लॉकच्या आत शिरतो, म्हणून व्हॅक्यूमने ओढून घ्यावा आणि कोपऱ्यांत मऊ ब्रश वापरावा. त्यानंतर धागे न सुटणारे पांढरे सुती फडके हलक्या तेलात किंचित भिजवून, बोटाच्या टोकाने खाचेत दाबून, रेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने ओढावे. फडक्यावर काय आले ते उजेडात पाहावे. राखाडी किंवा काळपट तेल आले तर काळजीचे कारण सहसा नसते. तांबूस रंग आला तर कुठेतरी गंज सुरू झाला आहे. आणि चमकणारे कण दिसले तर ते ॲल्युमिनियमच्या कामातले आहेत की खाचच झिजू लागली आहे, हे शोधल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. रेलच्या बोल्टांच्या भोकांवरची प्लास्टिकची झाकणे जागेवर आहेत ना, हेही याच वेळी पाहावे, कारण उघड्या भोकात साठलेला कचरा सीलला कापतो.

ग्रीस साधे लिथियमचे, एनएलजीआय २ दर्जाचे (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) चालते. लहान रेलसाठी त्याहून पातळ घ्यावे. ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम असलेले काळे ग्रीस छर्ऱ्यांच्या रेलसाठी घेऊ नये, आणि निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत, कारण काही मिश्रणे पातळ होऊन वाहून जातात. गंज सोडवण्याचा फवारा म्हणजे वंगण नव्हे. ब्लॉकवरचे निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) पुसून छोटी ग्रीस गन लावावी, थोडे ग्रीस सोडावे, ब्लॉक हाताने पूर्ण लांबीभर मागेपुढे फिरवावा, पुन्हा थोडे सोडावे. सीलच्या कडेला ताज्या ग्रीसची बारीक रेघ दिसली की थांबावे. जोर लावून भरत राहिल्यास सील जागचे हलते.

जाळीचे काम करणाऱ्यांनी झेड अक्षाकडे, म्हणजे टूल वरखाली नेणाऱ्या भागाकडे, विशेष लक्ष द्यावे. तिथे ब्लॉक तासन्‌तास काही मिलिमीटरच वरखाली होतो, त्यामुळे छर्रे पुरते फिरत नाहीत आणि ग्रीस सगळीकडे पोहोचत नाही. कामाच्या आधी आणि मध्ये एकदा झेड पूर्ण लांबीभर चालवण्याची सवय लावून घ्यावी.

पावसाळ्यात यंत्रावर प्लास्टिक घट्ट गुंडाळण्याची पद्धत मला मान्य नाही. आत अडकलेली ओल पहाटे थंड पोलादावर दव होऊन जमते. रेलला न टेकणारे सैल आच्छादन आणि खाली मंद दिवा ठेवावा, म्हणजे धातू हवेपेक्षा किंचित उबदार राहतो.

इतके करूनही ब्लॉक जड सरकत असेल, तर आणखी ग्रीस भरू नये. वीज बंद करून, ब्लॉक बॉल स्क्रूपासून (त्याला पुढेमागे ढकलणाऱ्या लांब स्क्रूपासून) मोकळा करून हाताने सरकवावा. सगळीकडे खरखर लागली तर छर्रे किंवा खाच खराब आहे. पण एकाच टोकाला जड आणि दुसऱ्या टोकाला हलका लागला, तर दोन रेल समांतर नाहीत, आणि ते काम डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारे घड्याळी मापक) लावून एका रेलचे बोल्ट सैल करून पुन्हा बसवण्याचे आहे. ब्लॉक रेलवरून काढावाच लागला, तर रेलच्या टोकाला प्लास्टिकची नकली रेल भिडवून त्यावरच सरकवावा, आणि खाली ट्रे ठेवावा. लहान ब्लॉकांमधले छर्रे तसे केले नाही तर जमिनीवर विखुरतात.