बॅकअपच्या स्क्रिप्टला ‘पास’ जोडण्यापूर्वीची तयारी

रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमच्या रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला पासवर्ड लागतो, आणि तो स्क्रिप्टमध्ये उघडा लिहून ठेवण्यापेक्षा लिनक्सवरील ‘पास’ या पासवर्ड मॅनेजरकडून मागवणे केव्हाही चांगले. त्यासाठीची कमांड एका ओळीची आहे. खरी तयारी लागते ती तिच्या आजूबाजूला.

सर्वप्रथम, या स्क्रिप्टला तुमचे सगळे पासवर्ड उघडता येणार नाहीत अशी व्यवस्था करावी. बॅकअपसाठी स्वतंत्र खाते, त्या खात्याची स्वतःची जीपीजी किल्ली (जीपीजी म्हणजे ‘पास’ ज्याच्या मदतीने नोंदी कूटबद्ध करतो तो प्रोग्रॅम) आणि गरजेपुरत्याच नोंदी असलेला ‘पास’चा वेगळा संग्रह तयार करावा, आणि तो संग्रह व किल्लीचा फोल्डर या दोहोंची परवानगी ७००, म्हणजे फक्त मालकालाच प्रवेश, अशी ठेवावी. ‘पास’ प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलमध्ये कूटबद्ध करून ठेवतो, पण फाइलींची नावे उघडीच राहतात. म्हणून संग्रह गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीवर) चढवणार असाल तर ग्राहकाचे नाव किंवा खाते क्रमांक नोंदीच्या नावात येऊ देऊ नये.

किल्लीच्या पासफ्रेजचा, म्हणजे किल्ली वापरताना टाइप कराव्या लागणाऱ्या गुप्त शब्दांचा, निर्णय मात्र शांतपणे घ्यावा. जीपीजी-एजंट हा जीपीजीचा पडद्यामागे चालणारा मदतनीस प्रोग्रॅम पासफ्रेज मुळात ६०० सेकंद लक्षात ठेवतो आणि सतत वापर होत राहिला तरी ७,२०० सेकंदांनंतर ती पुन्हा विचारतो. मध्यरात्री क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या सेवेने) स्क्रिप्ट चालवली की त्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी नसते. माझ्या मते अशा कामासाठी पासफ्रेज नसलेली, पण या एकाच संग्रहापुरती मर्यादित किल्ली वापरणे हा प्रामाणिक मार्ग आहे, मात्र त्या यंत्राची डिस्क कूटबद्ध असलीच पाहिजे.

रेस्टिकला पासवर्ड देण्याऐवजी पासवर्ड आणून देणारी कमांडच देण्याची सोय आहे. ती वापरावी, म्हणजे तो स्क्रिप्टच्या हातात येतच नाही. त्या कमांडमधून जे बाहेर येते ते सगळे रेस्टिक पासवर्ड म्हणून घेतो, तेव्हा त्या नोंदीत एकच ओळ असावी आणि वापरकर्त्याचे नाव वगैरे दुसरीकडे ठेवावे. ज्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय नाही त्याला पासवर्ड स्टँडर्ड इनपुटमधून (प्रोग्रॅम चालू असताना माहिती घेतो त्या वाटेने) द्यावा, कमांडच्या ओळीत कधीही लिहू नये, कारण चालू प्रोसेसच्या यादीत ती ओळ त्या यंत्रावरील इतर वापरकर्त्यांनाही सहसा दिसते. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये चुका शोधण्यासाठी चालू केलेले ट्रेसिंगही (चालणारी प्रत्येक कमांड छापून दाखवणे) बंद करावे, नाहीतर पासवर्ड थेट लॉगमध्ये उतरतो.

चाचणी घेण्यापूर्वी जीपीजी-एजंट बंद करावा. दिवसा टाइप केलेली पासफ्रेज त्याच्याकडे शिल्लक असेल, तर स्क्रिप्ट तुमच्यासमोर सुरळीत चालेल आणि रात्री अडेल. क्रॉनचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांची यादी, तुमच्या टर्मिनलपेक्षा तोकडा असतो, त्यामुळे ‘पास’, जीपीजी आणि रेस्टिक यांचे पूर्ण मार्ग लिहावेत, आणि पासवर्ड न मिळाल्यास स्क्रिप्टने तिथेच थांबून कळवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत कळकळीने सांगतो. बॅकअपचा पासवर्ड संग्रहात आणि संग्रहाची प्रत फक्त त्याच बॅकअपमध्ये, अशी रचना झाली तर डिस्क गेल्यावर दोन्ही कायमचे बंद होतात. म्हणून रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवावा, जीपीजी किल्लीची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि स्क्रिप्ट क्रॉनला सोपवण्याआधी दुसऱ्या एखाद्या संगणकावर केवळ या दोन वस्तूंच्या आधारे एक फाइल परत मिळवून पाहावी.