नायट्रस लावलात, पण पेट्रोलचं काय?

माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर. फक्त बंद ट्रॅकवर चालवायची म्हणून तिला नायट्रसचं (नायट्रस ऑक्साइड वायूचं) २५ हॉर्सपॉवर वाढवणारं वेट किट, म्हणजे वायूबरोबर जादा पेट्रोलही सोडणारं किट बसवलं. पहिल्याच चाचणीत बटण दाबलं आणि इंजिन खडखडलं. लगेच बंद केलं. प्लग काढले तर चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. पिस्टन वितळायला लागल्याची ती खूण. पोटात गोळाच आला.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी हेड उघडलं. पिस्टन थोडक्यात वाचले होते. मग गेज लावून दाखवलं, नायट्रस सुटला की पेट्रोलचं प्रेशर कोसळत होतं. नायट्रस स्वतः जळत नाही. उष्णतेनं तो फुटतो आणि जादा ऑक्सिजन देतो. त्या मानानं पेट्रोल मिळालं नाही, तर मिश्रण लीन होऊन, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, पिस्टनच जातो. मूळ पंप कार्बोरेटरपुरताच, त्याच्यावर किटचं ओझं टाकलं ही माझी चूक.

किटला वेगळा पंप, वेगळी लाइन दिली. प्रेशर स्विच असा जोडला की पेट्रोल कमी पडताच नायट्रसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच चालू होणारा मायक्रोस्विच लावला, शिवाय ३००० आरपीएमखाली गॅस सोडत नाही. ठिणगीचं टायमिंग दोन अंश मागं, प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा.

बाटली डिकीत ब्रॅकेटमध्ये घट्ट, सेफ्टी व्हॉल्व्हची नळी गाडीबाहेर. एप्रिलच्या उन्हात बंद डिकीत प्रेशर चढतं, म्हणून गाडी उभी केली की बाटलीचा व्हॉल्व्ह मी हातानं बंद करतो.

आता प्लग फिकट तपकिरी निघतात, म्हणजे मिश्रण बरोबर आहे.