सायकलचा जीपीएस ट्रॅकर एका सेलवर महिनोन्महिने कसा चालवायचा

घरी जोडलेला ट्रॅकर दोन दिवसांत मान टाकतो आणि मग लोक पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन अजून मोठा सेल घेऊन येतात. थांबा, आधी हिशोब करूया, कारण दुखणं बहुतेक वेळा सेलमध्ये नसतंच.

निओ ६एमसारखं जीपीएस मॉड्युल चालू असताना साधारण ४५ मिलिअँप खातं. २६०० एमएएचचा (मिलिअँप-तासांचा) एक १८६५० म्हणजे रिचार्ज होणारा लिथियम सेल धरला तर २६०० भागिले ४५, म्हणजे ५८ तास, आणि हे नुसत्या जीपीएसचं झालं, ईएसपी३२ (ट्रॅकर चालवणारी वायफायवाली चिप) आणि मेसेज पाठवणारं सिमचं मॉड्युल अजून धरलंच नाहीये. तेच मॉड्युल दर १० मिनिटांनी फक्त ५ सेकंद चालवलं तर सरासरी येते ०.३७५ मिलिअँप. सगळा खेळ या सरासरीचा आहे.

पण ५ सेकंदात फिक्स, म्हणजे आपण कुठे आहोत याचं उत्तर, फुकट मिळत नाही. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी परत येते, त्यामुळे कोऱ्या डोक्याने उठलेलं मॉड्युल कितीही भारी असलं तरी अर्धा मिनिट जातोच. दर वेळी असा ३५ सेकंदांचा कोल्ड स्टार्ट झाला तर सरासरी २.६ मिलिअँपवर जाते, म्हणजे सातपट. बरेच जण मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून जीपीएसची पूर्ण सप्लाय तोडतात आणि वाटतं काय मस्त बचत केली, प्रत्यक्षात मेमरी पुसली जाते आणि दर वेळी कोल्ड स्टार्ट. मेन सप्लाय तोडा, पण मेमरी जिवंत ठेवणाऱ्या बॅकअप पिनला व्होल्टेज कायम राहू द्या, तिथे वीस-पंचवीस मायक्रोअँपच (मिलिअँपचा हजारावा भाग) जातात. स्वस्त बोर्डांवरचा तो इवलासा बॅकअप सेल कितपत चार्ज धरतो ते आधी तपासा, त्याच्यावर विसंबू नका. अजून एक, कक्षेची ती माहिती साधारण ४ तासच चालते. म्हणून दर दोन तासांनी एकदा मॉड्युल ४० सेकंद चालू ठेवून ती ताजी करून घ्यायची, याने सरासरीत ०.२५ मिलिअँप वाढतात पण बाकीचे सगळे फिक्स झटपट मिळतात. दोन्ही धरून जीपीएसपुरतं तरी पाच-साडेपाच महिन्यांचं गणित बसतं, कागदावर.

आता सायकल सोसायटीच्या बेसमेंटला किंवा पेठेतल्या वाड्याच्या बोळात उभी असेल तर? आकाशच दिसत नाही, मॉड्युल शोधत बसतं, आणि शोधताना ते सगळ्यात जास्त खातं. टाइमआउट लावाच, ६० सेकंदांत फिक्स नाही तर बंद, पुढचा प्रयत्न २० मिनिटांनी, मग ४०, असं वाढवत न्यायचं.

पण माझं ठाम मत असं की हलली नसेल तर सायकलला कुठे आहेस हे विचारायचंच कशाला? एलआयएस३डीएचसारखा ॲक्सेलरोमीटर (हालचाल ओळखणारा सेन्सर) कमी रेटला ठेवला तर मोजके मायक्रोअँप घेतो, त्याची इंटरप्ट पिन (हालचाल झाली की इशारा देणारी) ईएसपी३२च्या आरटीसीवाल्या, म्हणजे झोपेतून उठवू शकणाऱ्या पिनला जोडा आणि बाकी सगळं डीप स्लीपमध्ये झोपू द्या. थ्रेशोल्डवर, म्हणजे किती हललं की उठायचं त्या मर्यादेवर, मात्र वेळ घालवा, कारण रस्त्यालगत लावलेली सायकल पीएमपीची बस गेली तरी थरथरते आणि बिचारा ट्रॅकर दर बसला उठतो. उठल्यावर पुढचे पाच सेकंद हालचाल चालूच आहे का ते बघा, नसेल तर जीपीएसला हात न लावता परत झोपा. उठलाच तर आधी घरच्या राउटरचं नाव दिसतंय का बघायचं. राउटरचा चॅनल फिक्स करून ठेवा आणि तेवढाच एक चॅनल स्कॅन करा, पाव सेकंदात काम होतं आणि वीज तर एका कोल्ड स्टार्टच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी. राउटर दिसला म्हणजे सायकल घरी, विषय संपला.

एवढं करूनही सेल तीन आठवड्यांत संपला तर बोर्डाकडे बघा. ईएसपी३२ची चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपच्या आसपास घेते, पण डेव्हलपमेंट बोर्डवर बहुतेक वेळा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ठराविक ठेवणारा भाग) असतो आणि तो एकटा, काही काम नसताना, ५ मिलिअँप पितो, म्हणजे २६०० एमएएचचा सेल २२ दिवसांत साफ! शिवाय त्याला आउटपुटपेक्षा इनपुट व्होल्टभर तरी जास्त लागतं, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर तो ३.३ धड देऊच शकत नाही. त्यात पॉवरची एलईडी आणि यूएसबीची चिप आहेतच. एलईडी काढून टाका, नुसतं ईएसपी३२ मॉड्युल घ्या आणि एपी२११२सारखा रेग्युलेटर लावा. सेलचं व्होल्टेज मोजायला दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर लावले असतील तर तिथूनही सतत २० मायक्रोअँप गळतात, मोठे लावा.

हे सगळं मोजल्याशिवाय कळणार नाही. मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर सिरीजमध्ये लावून बोर्ड चालू केला तर उठताना व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होत राहतो, म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये एक स्विच लावा, बोर्ड झोपेपर्यंत तो ऑन, झोपला की ऑफ करून आकडा वाचा.

सिमच्या मॉड्युलबद्दल थोडक्यात, एसआयएम८००एल टूजीवर चालतं, त्यात जिओचं कार्ड चालणार नाही, आणि ते २ अँपपर्यंतचे झटके मारतं म्हणून जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. नेटवर्क पकडण्यातच बरीच वीज जाते, म्हणून दर फिक्सला मेसेज पाठवू नका, दहा-बारा फिक्स साठवून एकदम पाठवा आणि मग मॉड्युल पूर्ण बंद. फक्त रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये सायकल हलली तर साठवत बसू नका, पहिला फिक्स मिळाला की लगेच पाठवा, तेव्हा सेलचा विचार करायचा नाही.