पाकिटात ठेवायची इमर्जन्सी चिठ्ठी

गोव्यात आपण सगळे दुचाकीवर, आणि डिकीत कागदपत्रांची झेरॉक्स टाकली की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पावसाळ्यात तिचा लगदा होतो आणि अपघातात गाडी एकीकडे अन् माणूस दुसरीकडे. म्हणून आपली माहिती लिहिलेली चिठ्ठी अंगावरच्या पाकिटातच हवी.

व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद घ्या, बॉलपेननेच लिहा, जेल पेनची शाई पाणी लागलं की पसरते. नाव, ब्लड ग्रुप, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या डोससकट (रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात वर), आणि घरच्या दोघांचे नंबर, नातं लिहून. खाली तारीख टाका, गोळ्या बदलल्या की चिठ्ठी नवीन. मग लॅमिनेशन. आधार नंबर नि पिन यावर अजिबात नको, पाकीट हरवतंही ना!

हीच माहिती फोनमध्येही भरा, आयफोनला हेल्थ अ‍ॅपमधलं मेडिकल आयडी, अँड्रॉइडला सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' सर्च करा, आणि लॉक स्क्रीनवर दिसेल तो ऑप्शन चालू ठेवा, नाहीतर भरून काय उपयोग.

लायसन, आरसी डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये असलं की पोलिसांना चालतं, गॅलरीतला फोटो दाखवून वाद घालू नका. सत्तरीत, काणकोणात मधेच रेंज जाते, तेव्हा पीडीएफ आधीच उतरवून ठेवा. आधारची मास्क्ड कॉपी घ्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. आणि दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कुठल्या कपाटात आहे ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पेशंट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नि कपाटाची चावी तुमच्या खिशात असं होतं.