कुत्र्याच्या दातांचं काम शिकताना

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आजोबा आधी घोड्याचा ओठ वर करायचे, किमतीचं बोलणं त्यानंतर. बैलबाजारातही तेच, दातांवरून वय ओळखायचं: दोनदाती, चारदाती, जुळलेला (सगळे दात आलेला). खानदेशात जनावर घेताना तोंड सगळेच बघतात, पण घरी आणल्यावर पुन्हा कुणी उघडत नाही. पशुवैद्यकाची पदवी घेऊन धुळ्यात दवाखाना टाकला तेव्हा मीही उघडत नव्हतो. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात दात शस्त्रक्रियेच्या विषयात येऊन जातात, आणि आपला सगळा जीव गाई-म्हशींत अडकलेला असतो.

माझी चूक आधी सांगतो. एक म्हातारा पॉमेरेनियन आला, तोंडाला भयंकर वास. घरचे म्हणाले, भूल नको, झेपणार नाही त्याला. दोघांनी धरलं, मी हाताच्या स्केलरने कीटण खरवडलं. दात पांढरे झाले, सगळे खूश. चार महिन्यांनी त्याच्या उजव्या डोळ्याखाली गाठ आली आणि फुटून पू वाहू लागला. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ मुळाशी सडली होती. तिला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालीच रुतलेली असतात. मी साफ केला तो दिसणारा भाग. आजार हिरडीच्या खाली होता तसाच राहिला. तो कुत्रा चार महिने दुखणं सोसत जेवत होता, कारण कुत्री दात दुखला तरी खाणं सहसा सोडत नाहीत. हे मला आजही बोचतं.

म्हणून नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं: भूल न देता दात साफ करू नका, मालकाने कितीही गळ घातली तरी. आधी रक्त तपासा. मग पूर्ण भूल, आणि श्वासनलिकेत फुगा असलेली नळी. अल्ट्रासॉनिक स्केलर पाणी उडवतो; नळी नसेल तर ते घाण पाणी फुप्फुसात जातं. घशात गॉज ठेवलात तर मोजून ठेवा, मोजून काढा. नंतर प्रत्येक दाताभोवती प्रोब, म्हणजे हिरडीखालची खोली मोजायची बारीक सळई, फिरवा. कुत्र्यात 3 मिमीपर्यंतची खोली ठीक, मांजरात 1 मिमीच्या पुढे गेली की संशय घ्या. कुत्र्याचे 42, मांजराचे 30, सगळ्यांची नोंद कागदावर. पॉलिश टाळू नका, कारण स्केलरचे बारीक ओरखडे राहिले की थर पुन्हा लवकर धरतो. आणि दातांचा एक्स-रे. मुळं बघितल्याशिवाय दात काढणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

तीन मुळांची दाढ तुकडे करून काढायची हे मी माणसांच्या दंतवैद्याकडे शिकलो. आमच्याच गल्लीत त्यांचा दवाखाना. कित्येक रविवार त्यांच्या शेजारी उभा राहिलो. हँडपीस, म्हणजे दात कापायचं फिरतं हत्यार, कसा धरायचा, हाड किती कोरायचं, टाका कसा घालायचा, त्यांनी सगळं मन लावून दाखवलं. असा माणूस तुमच्याही गावात असेल, विचारून बघा.

इथल्या उन्हाळ्याचं एक. बाहेर पारा 44 वर असला तरी भुलेतला लहान कुत्रा पाण्याच्या फवाऱ्याने गार पडतो. अंगावर टॉवेल, कडेला कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवा, ताप मोजत राहा. चपट्या नाकाचा पग असेल तर काम सकाळी लवकर आटपा. दुपारच्या उन्हात त्याला घरी पाठवू नका.

लोक विचारतात, "भाऊ, कुत्राना दात कोन घासस?" तेव्हा समजावत बसू नका. ओठ वर करून त्यांनाच हिरडी दाखवा. लाल रेघ दिसली की पुढचं ते स्वतः विचारतात. पांढरा थर दोन-तीन दिवसांत घट्ट व्हायला लागतो, म्हणून रोज घासायचं. पहिला आठवडा नुसतं बोट फिरवायचं, मग मऊ ब्रश. आपली पेस्ट नको, कुत्रं ती गिळतं. फ्लोराइड पोटात जातं, आणि काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषच. मटणाची हाडंही बंद. वरची ती चौथी उपदाढच हाडाने फुटते.

लसीला आलेल्या पिल्लाचं तोंड मात्र दरवेळी उघडा. सहा-सात महिन्यांच्या पॉमेरेनियनमध्ये दुधाचा सुळा बऱ्याचदा पडत नाही, नवा त्याला चिकटून उगवतो आणि मधे अन्न अडकतं. तो सुळा काढावा लागतो. त्याचं मूळ लांब, बारीक आणि ठिसूळ असतं, घाई केली की आत मोडतं. सावकाश, सगळ्या बाजूंनी सैल करत काढा.