एपी कॅल्क्युलसच्या गुणांचा अंदाज : या चुका टाळा

न्यू जर्सीत मी आपल्या मराठी मुलांचा गणिताचा अभ्यास घेते. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा, मेमध्ये होते, निकाल जुलैत. मधल्या दिवसांत आयांचे फोन येतात. यंदाचा पहिलाच होता, "काकू, याला पंचावन्न टक्केच पडतायत हो!"

त्या मुलाने कॅल्क्युलस एबी या पेपरातल्या 45 बहुपर्यायी प्रश्नांपैकी 30 बरोबर धरले होते आणि सहा लेखी प्रश्नांत 54 पैकी 24 गुण. दोन्ही भागांना निम्मं निम्मं वजन असतं, म्हणून 45 चेही 54 व्हावेत यासाठी 30 ला 1.2 ने गुणायचं : 36. त्यात 24 मिळवले की 108 पैकी 60. आपल्या दहावी-बारावीच्या नजरेला हे पंचावन्न टक्के कमीच वाटतात, पण एपीचा निकाल 1 ते 5 अशा अंकात लागतो, आणि बेरजेवरून तो अंक सांगणाऱ्या जुन्या तक्त्यांत एवढ्यावर सहसा 4 मिळतो. टक्के काढूच नका.

चुकलेल्या उत्तरांचे गुणही वजा करू नका. ती पद्धत 2011 मध्येच बंद झाली, तरी जुने हिशेब अजून फिरतात.

खरी गफलत लेखी प्रश्नांत होते. उत्तर चुकलं म्हणून मुलं अख्ख्या प्रश्नाला शून्य देतात. प्रत्येक प्रश्न 9 गुणांचा असतो आणि गुण पायरीपायरीने मिळतात. मांडणी बरोबर असेल तर तिचा गुण हातात राहतो. उलट डिफरन्शियल इक्वेशनमध्ये इंटिग्रेशन करताना अधिक सी (+C, इंटिग्रेशनचा स्थिरांक) लिहायचा राहिला, तर पुढच्या पायऱ्यांचे गुणही जातात. तिथे मुलं स्वतःला एकच गुण कापतात. कॅल्क्युलेटरच्या प्रश्नांत दशांशाचे तीन अंक बरोबर लागतात. मधल्या पायरीतच आकडा राउंड केला की शेवटचं उत्तर हुकतं. त्यामुळे परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची गुणदान-पत्रिका आली की ती शेजारी ठेवून, ओळ न् ओळ ताडून गुण द्या. शंका आली तर दोन बेरजा करा, एक सढळ हाताने, एक कडक.

एकाच वर्षाच्या तक्त्यावर विसंबू नका, सीमारेषा दरवर्षी थोड्या हलतात. दोन्ही बेरजा 4 च्या पट्ट्यात पडल्या तर अंदाज पक्का धरायला हरकत नाही.

क्रेडिटचं, म्हणजे या अंकावर कॉलेजात तो विषय झाला असं धरण्याचं, मात्र कॉलेजागणिक वेगळं असतं. कुठे 3 चालतो, कुठे 5 च लागतो. मुलाच्या कॉलेजचा नियम विषयासकट आधी वाचा.

त्या आईला मी वही घेऊन बसायला सांगितलं. सी एका ठिकाणी राहिला होता. कडक बेरीज 57 आली.