भात वाळलंय का, मीठ सांगतं
इकडं मावळात परतीचा पाऊस नेमका कापणीलाच गाठतो. दाणा दाताखाली कट्ट वाजला, वाळलं असं समजून गेल्या साली इंद्रायणी भात पोत्यात भरलं आणि आठ दिवसात कुबट वास.

आता काचेची एकदम कोरडी बरणी घेतो, तिसरा हिस्सा भात (ढिगाच्या पोटातलं, वरचं नाही, वरचं कायम वाळलेलंच लागतं), त्यावर दोन-तीन चमचे मीठ. मीठ आधी तव्यावर भाजून गार करायचं, या दिवसात तेही ओलंच असतं. झाकण लावून मिनिटभर हलवा, १५ मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं म्हणजे ओल १५ टक्क्यांच्या वर, परत पसरा. नाही चिकटलं तर भरा.

फक्त ओल्या ढिगावर दिवसभर ताडपत्री घट्ट ठेवू नका, आत घाम धरतो.